दुपार लेकरांची : उन्हाळी सुट्टीची प्रश्नोत्तरं

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 7 वर्षांची. सकाळी 11 ते संध्याकाळी 5 बाहेर सोडायची सोय नाही. मोबाइल काढून घेतला की रडारड होते. पैसे न लागता घरात काय करता येईल?
— एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा ‘बाहेर जाऊन खेळा’ हे सांगण्यात अर्थ नाही. मोबाइल ओढून घेतल्यावर हात रिकामे राहिले तर मुलं रडणारच. म्हणून 11 वाजायच्या आतच ओसरीत किंवा घरातल्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात चंगाष्ट्याचा, म्हणजे चिंचोके टाकून सोंगट्या पुढे न्यायच्या खेळाचा, पट आखून ठेवा. पहिले तीन-चार दिवस एक मोठं माणूस खेळायला बसलंच पाहिजे. नुसता पट आखून दिला तर मुलं दहा मिनिटांत उठतात.

आधी चिंचोके. सारख्या आकाराचे चार निवडा आणि प्रत्येकाची एकच बाजू खरबरीत दगडावर पाण्याचा थेंब टाकून घासा. तपकिरी साल जाऊन ती बाजू पूर्ण पांढरी दिसली की थांबा. भाजलेला चिंचोका घेऊ नका, त्याची साल दोन्ही बाजूंनी सुटते. एवढ्या कामातच पहिली दुपार निघते. घरात रांगतं बाळ असेल तर खेळ संपल्यावर चिंचोके मोजून डबीत ठेवा, ते घशात अडकू शकतात.

खडूने पाच बाय पाच घरांचा चौकोन आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली मारा. बाजूची फुली हे खेळणाऱ्याचं घर. प्रत्येकाला चार सोंगट्या: कुणाला खडे, कुणाला तुरीचे दाणे, कुणाला बटणं. चिंचोके टाकल्यावर जितक्या पांढऱ्या बाजू वर तितकं दान. चारही पांढरे पडले तर 4, एकही पांढरा नाही तर 8. या दोन दानांवर पुन्हा टाकायला मिळतं. बाहेरच्या 16 घरांतून घड्याळाच्या उलट दिशेने जायचं, आपल्या घराच्या अलीकडच्या घरातून आत वळायचं, आतली 8 घरं घड्याळाच्या दिशेने फिरायची आणि मधल्या फुलीत नेमक्या दानाने शिरायचं. म्हणजे घरापासून मध्यापर्यंत 24 पावलं. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत प्रवेश नाही.

गावोगावी नियम थोडे बदलतात, म्हणून भांडण होण्याआधीच ते ठरवून भिंतीवर खडूने लिहा. 7 वर्षांची मुलगी सोंगट्या मरून मरून कंटाळत असेल तर तिला मारण्याच्या अटीतून सूट द्या. मुलाला मात्र हिशेब द्या. चार चिंचोके 16 प्रकारे पडू शकतात: 2 येण्याचे प्रकार 6, 1 आणि 3 चे चार-चार, 4 आणि 8 चा फक्त एकेक. 160 वेळा टाकून वहीत रेघा मारायला सांगा. 2 साधारण 60 वेळा यायला हवा. आकडे फारच वेगळे आले तर एकेक चिंचोका 50 वेळा टाकून कोणता सारखा एकाच बाजूवर पडतो ते शोधायचं. तो सहसा वाकडा किंवा जास्त घासलेला निघतो.

प्रश्न : ताई, मी सहावीत आहे. पाखरांसाठी पाणी ठेवलं, पण एकही पाखरू येत नाही. काय चुकलं?
— एक विद्यार्थी, ता. रिसोड, जि. वाशीम

उत्तर : भांडं खोल असेल तर लहान पाखरं त्यात उतरत नाहीत. मातीचं पसरट भांडं घे, पाणी दोन बोटं खोल ठेव आणि मधे एक खरबरीत दगड ठेव, म्हणजे त्यावर बसता येईल. स्टील उन्हात पोळतं, ते नको. जागा कडुनिंबाच्या सावलीत हवी, पण मांजराला दबा धरता येईल असं झुडूप शेजारी नको. पाणी रोज सकाळी ओतून टाक आणि भांडं नारळाच्या शेंडीने, साबण न लावता घास. पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर त्यात डास होतात. जागा सारखी बदलू नको, पाखरांना ती सापडायला काही दिवस लागतात.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. विज्ञानाचे व्हिडिओ खूप बघते, पण हाताने काही करत नाही. गावात काय करता येईल?
— एक वडील, ता. गोंडपिपरी, जि. चंद्रपूर

उत्तर : तिला शून्य सावली दाखवा. अख्खा विदर्भ कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. जुलैतल्या वेळी बहुतेक ढग असतात, म्हणून मे महिन्यातलाच दिवस धरा. चंद्रपूर, गडचिरोलीकडे 20 मेच्या सुमारास, यवतमाळला 22, अकोल्याला 23-24, अमरावतीला 25, नागपूरला 26, गोंदियाला 28 च्या आसपास. वेळ 12 ची नसते. चंद्रपूर-नागपूरला साधारण 12 वाजून 10 मिनिटं, अमरावतीला 12:16, अकोल्याला 12:19, बुलढाण्याला 12:22.

पाण्याचा पेला वापरू नका. तो वर रुंद असतो, त्यामुळे बुडाभोवती सावली दिसतच राहते. सरळ कडेचा, वीतभर उंच डबा घ्या. पाटाखाली कागदाच्या घड्या सारून पाट सपाट करा. ताटलीत थोडं पाणी घेऊन ती पाटावर ठेवली की उतार कळतो. हे जपून करा, कारण पाट एका अंशाने कलला तरी 20 सेंटिमीटर उंच डब्याची सावली साडेतीन मिलिमीटर सरकते. तारीख एका दिवसाने चुकली तर फरक जेमतेम मिलिमीटरभर, पण वेळ चार मिनिटांनी चुकली तर पुन्हा साडेतीन मिलिमीटर. म्हणून 12 पासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला पेन्सिलने खूण करायची. तयारी सावलीत करा, खुणेपुरतंच उन्हात जा. डोक्याला ओला दुपट्टा हवा आणि सूर्याकडे बघायचं नाही.

त्याच रात्री अंगणात खाटेवरून ध्रुव शोधा. सप्तर्षीचे पुढचे दोन तारे जोडून रेघ पुढे नेली की तो सापडतो. हात ताणून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत दोन मुठी भरतात, आणि आपले अक्षांशही 20-21 च आहेत. दुपारची सावली आणि रात्रीचा ध्रुव यांचा संबंध तिला स्वतः जोडू द्या.

प्रश्न : मुंगवड्या घालताना नातवंडं मधेमधे करतात आणि माल बिघडतो. त्यांना कसं सामावून घेऊ?
— एक आजी, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : आजी, त्यांच्यासाठी अर्धा किलो डाळ वेगळी भिजवा. चार-पाच तास पुरेत. पाणी पूर्ण निथळून जाडसर वाटा. या वाटणात मिरची घालू नका. मिरचीचा हात डोळ्याला लागला की मुलं पुन्हा फिरकत नाहीत. जिरं, लसूण आणि चवीला जरा कमीच मीठ घाला, कारण वाळल्यावर खारटपणा वाढतो. सकाळी 6 ला बसा, 8 पर्यंत उठा.

वडी सुपारीएवढीच हवी. मुलं हमखास मोठ्या घालतात, त्या वरून कडक होतात आणि आत ओल्या राहून बुरसतात. नमुन्याला एक सुपारी समोर ठेवा. वडी पसरली तर वाटणात पाणी जास्त झालं, थोडी कोरडी डाळ वाटून मिसळा. दुसऱ्या दिवशी उलटवणं आणि तिसऱ्या दिवशी एक फोडून मध्य बघणं ही कामं पूर्ण त्यांच्याकडे द्या. संध्याकाळी आभाळ बघून चादर आत आणायची जबाबदारीही त्यांचीच.

प्रश्न : मुलं नदीवर पोहायला जायचं म्हणतात. पाठवू का?
— एक वडील, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : एकटं कधीच नाही. जिथून रेती उपसली आहे तिथे गुडघाभर पाण्याला लागूनच खोल खड्डा असतो आणि वरून तो दिसत नाही. खदानीचं पाणी आणि पायऱ्या नसलेली विहीर तर वर्ज्यच. शिकवायचं असेल तर चांगलं पोहणारं मोठं माणूस पाण्यातच, हातभर अंतरावर हवं. ट्यूब निसटते, तिच्या भरवशावर राहू नका. काठावर झाकण घट्ट लावलेली रिकामी पाच लिटरची तेलाची कॅन 10 मीटर दोराला बांधून ठेवा.

कुणी बुडताना दिसलं तर मुलांनी उडी मारायची नाही. कॅन फेकायची आणि ओरडायचं, हे त्यांच्याकडून कोरड्या जमिनीवर करून घ्या. बाहेर काढलेल्याला उलटं टांगून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा.