थंडीचं राहू दे, खोलीचा अर्ज टाकलास का?

फिनलंडला एक्स्चेंजवर निघालेल्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची पत्रं यावेळी इतकी आलीत की बाकीचे विषय सरळ पुढच्या अंकात ढकललेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, चालवून घ्या.

प्रश्न: ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओउलुच्या युनिव्हर्सिटीत एका सेमिस्टरसाठी सिलेक्शन झालंय, ऑगस्टला जा नाहीतर जानेवारीला, दोन्ही चालतंय म्हणाले. घरचे म्हणतात ऑगस्ट, थंडी कमी असते. काय करू?

उत्तर: माझं मत जानेवारी, आणि ते बऱ्याच जणांना पटत नाही हे मला माहितीये. ऑगस्टला गेलीस तर सुरुवातीला सगळं झकास, जंगलात जाऊन ब्लूबेरी तोडायच्या, तिथे कुणाच्याही जंगलात बेरी तोडायचा हक्क सगळ्यांना आहे, मालकाला विचारावं पण लागत नाही. मग ऑक्टोबरपासून दिवस भराभर आटायला लागतो. नोव्हेंबर सगळ्यात वाईट, कारण बर्फ अजून नीट साठलेला नसतो, नुसता पाऊस, चिखल आणि काळोख (बर्फ पडला ना की उलट उजेड वाढतो). डिसेंबरच्या शेवटी शेवटी तर ओउलुत सूर्य जेमतेम साडेतीन तास वर, आणि वर म्हणजे काय, झाडांच्या शेंड्यांवर आला तरी खूप. परीक्षा, अंधार आणि निरोपानिरोपी, सगळं एकदम अंगावर.

जानेवारीत याच्या उलट. उतरशील तेव्हा काळोख आणि कधीकधी मायनस वीस, पण त्यानंतर रोज दिवस वाढतच जातो, मार्चअखेर बारा तासांच्या वर आणि मेमध्ये रात्री दहालाही खिडकीत उजेड. शिवाय 1 मेचा वाप्पू मिळतो, स्टुडंट लोकांचा सगळ्यात मोठा सण, जो तो आपापल्या शाखेच्या रंगाचा बॉयलरसूट घालून रस्त्यावर. ऑगस्टच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे, बाहेरून येणारे जास्त करून तेव्हाच येतात, त्यामुळे ग्रुप पटकन जमतो.

पण सेमिस्टर कुठलंही घे, आधी खोली! ओउलुत स्टुडंट्सच्या खोल्या प्सोआस नावाची संस्था देते, तांपेरेत तोआस, हेलसिंकीत होआस. सिलेक्शनचं पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात अर्ज टाक, जॅकेट कुठलं घेऊ हा विचार नंतर. आणि खोलीत पलंग, गादी आहे की नुसत्या चार भिंती, हे लिहून विचार. मुक्काम 90 दिवसांच्या वर जाणार असेल तर साधा व्हिसा चालत नाही, रेसिडेन्स परमिट लागतं, ते मिग्री म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं देतं. अर्ज ऑनलाइन असला तरी बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. खर्चासाठी महिन्याला 800 युरोच्या हिशेबाने पैसे खात्यात दाखवायचे, शिवाय आजारपणाचा इन्शुरन्स. एक्स्चेंजला तिथली फी नसते म्हणून लोक गाफील राहतात आणि मग बाबांची एफडी घाईघाईत मोडायची वेळ येते.

प्रश्न: मुलगा डिसेंबरात तांपेरेला चाललाय. दोन जाड स्वेटर, एक भारी जॅकेट घेतलंय. सोबत तूप, पेढे, कढीपत्ता, मेतकूट द्यायचंय. अजून काय देऊ? – एक आई, सांगली

उत्तर: काकू, मेतकूट द्या, शेंगदाण्याची चटणी द्या, गोडा मसाला तर द्याच. तूप आणि पेढे मात्र बॅगेतून काढा. युरोपात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे, ताजा कढीपत्ताही तसाच अडकतो. तुपाचं टेन्शन घेऊ नका, तिथलं लोणी फार छान असतं, फक्त पाकिटावर सुओलातोन म्हणजे बिनमिठाचं लिहिलेलं बघून घ्यायचं आणि घरीच कढवायचं. तेवढं त्याला जायच्या आधी शिकवून ठेवा.

कपड्यांचं म्हणाल तर दोन जाड स्वेटरांपेक्षा तीन पातळ थर बरे. अंगालगत लोकरीचं किंवा थर्मल, मध्ये फ्लीस, वरून वारा अडवणारं. सुती बनियन आत नको, घाम आला की ओली होते आणि मग तीच गारठवते. बूट एक नंबर मोठे, म्हणजे लोकरी मोज्यांसकट पाय मोकळा राहील, बोटं आवळली की गार पडतात. वरचं जॅकेट आणि बूट तिथेच घेतलेले बरे, किर्प्पुतोरी नावाची जुन्या सामानाची दुकानं असतात, चांगला माल स्वस्तात मिळतो, पण तुम्ही घेतलंच आहे तर असू दे. घरात तो टीशर्टवर बसेल, हीटिंग चोवीस तास असतं. त्याने हवा कोरडी होते, ओठ आणि टाचा फुटतात, तेव्हा व्हॅसलीन द्या. आणि कोटाला लटकवायचा रिफ्लेक्टर त्याला तिथे पोचल्या पोचल्या घ्यायला सांगा, अंधारात चालताना गाडीवाल्यांना माणूस दिसावा म्हणून तो लावायचा.

प्रश्न: पार्टटाइम जॉब करून खर्च निघेल का?

उत्तर: परमिटवर आठवड्याला सरासरी 30 तास काम करता येतं, हे खरं. पण फिनिश येत नसताना पाच महिन्यांत काम शोधून, करून, पैसे वाचवून येणं, यावर बजेट बांधू नकोस. त्यापेक्षा दुपारी कॅम्पसच्या मेसमध्ये जेव, सबसिडी असल्यामुळे तीनेक युरोत पोटभर होतं, सॅलड आणि ब्रेडसकट.

प्रश्न: सीनियर सांगतात तिथे कुणी बोलतच नाही, फ्लॅटमेटसुद्धा हाय करून दार लावून घेतो. मी ठाण्यात चाळीत वाढलेला माणूस, वेडा होईन.

उत्तर: नाही होणार. तो दार लावतो ते तुला त्रास नको म्हणून, राग नसतो त्यात. त्याची वाट बघू नकोस, जिथे लोक आपोआप एकत्र येतात तिथे जा. युनिव्हर्सिटी नवीन आलेल्यांना स्टुडंट ट्यूटर देते, त्याला चिकट. बिल्डिंगच्या सौनाला, म्हणजे सगळे मिळून बसतात त्या गरम वाफेच्या खोलीला, लाजू नकोस, गप्प माणसं तिथेच बोलायला लागतात. आणि संध्याकाळी चारला अंधार झाला म्हणून पांघरुणात शिरायचं नाही, हाच नियम पाळ. दुपारी जो काही उजेड असतो तेवढ्यात बाहेर पड, ढग असले तरी. ओउलुत तर लोक बर्फातही सायकलने फिरतात, हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद 2013 साली तिथेच भरली होती. घरी फोन करताना लक्षात ठेव, हिवाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे तुझे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आई झोपलेली असते. दोन आठवडे झाले तरी झोप, भूक दोन्ही बिघडलेलं असेल तर स्टुडंट हेल्थवाल्यांशी बोल, अंगावर काढू नकोस.

प्रश्न: तिथले क्रेडिट आपल्या कॉलेजात धरतात ना?

उत्तर: धरतात, पण आपोआप नाही. पूर्ण सेमिस्टर म्हणजे 30 क्रेडिट, एका क्रेडिटला साधारण 27 तासांचं काम. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे तिथे कुठले कोर्स करणार त्या लेखी करारावर, दोन्हीकडच्या सह्या जायच्या आधी घे आणि तिथे कोर्स बदललास तर पुन्हा घे. मार्क तिथे 0 ते 5 असतात, 1 ला पास, त्याचं इथे काय धरणार ते एचओडींकडून ईमेलवर लिहून घे, तोंडी नको. नापास झालास तर परत परीक्षा देता येते, पण ती तारीख तुझ्या परतीच्या तिकिटानंतरची असू शकते, तेव्हा तारीख बदलता येणारं तिकीट काढ.