शाश्वत, टिकाऊ की पुरवून?

ब्रह्मपुरी तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे की, ग्रामपंचायतीच्या आराखड्यातील 'शाश्वत विकास' हे शब्द वाचून दाखवताच ग्रामसभेतील एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "शाश्वत तं आत्मा असते, नाली-रस्ता कायचा शाश्वत?", तेव्हा येथे 'टिकाऊ' हा शब्द अधिक योग्य ठरणार नाही काय?

म्हाताऱ्यांची हरकत शब्दार्थाने बिनतोड आहे. 'शश्वत्' म्हणजे सदैव. त्यावरून आलेले 'शाश्वत' हे विशेषण मराठी माणसाने कीर्तन-प्रवचनांत ऐकले ते आत्म्याच्या संदर्भात, आणि देह व संसार मात्र अशाश्वत. ज्या 'सस्टेनेबल' या इंग्रजी विशेषणासाठी ते योजले गेले, त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'खालून धरून ठेवणे, पेलणे' या अर्थाचे क्रियापद आहे. म्हणूनच काही लेखक 'धारणक्षम' लिहितात. अर्थाला तो शब्द सर्वांत जवळचा आहे, परंतु ग्रामसभेत तो उच्चारल्यास जमीनधारणेचा विषय निघाला असे लोकांना वाटेल.

'टिकाऊ' हे विशेषण बादलीला, चपलेला शोभते. रस्ता टिकाऊ असावाच; परंतु पर्यावरण व विकासाविषयीच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने विकासाची जी व्याख्या केली, तिचा भर वस्तू टिकण्यावर नसून माणसांच्या गरजांवर आहे: आजच्या पिढीच्या गरजा भागाव्यात, त्यातही गरिबांच्या मूलभूत गरजा आधी, आणि पुढच्या पिढ्यांची आपल्या गरजा भागवण्याची क्षमता उणावू नये.

ही कल्पना मूळची जंगलातली आहे, हे झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातील, वाचकाला विशेष जवळचे वाटावे. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील खाणींच्या भट्ट्यांना लाकूड अपुरे पडू लागल्यावर तेथील खाणप्रशासक कार्लोविट्झ याने १७१३ साली, जंगल जेवढे पुन्हा वाढेल तेवढेच तोडावे, असा विचार मांडला. त्याने वापरलेल्या जर्मन शब्दातही धरून ठेवण्याचाच धातू आहे. मराठीत त्याला 'राखणे' शोभले असते, पण 'राखीव' हा शब्द वनखात्याने आधीच अडवून ठेवला आहे आणि राखीव जंगल म्हटले की आपल्याकडे निस्तारावर, म्हणजे सरपण-चराईच्या गावहक्कांवर, आलेली बंधनेच आधी आठवतात.

माझ्या मते बोलीत या अर्थाचा शब्द आहेच, तो म्हणजे 'पुरवून'. कोठीतले धान पुढच्या हंगामापर्यंत पुरवून खाणारी बाई बियाण्याच्या ढोलीला हात लावत नाही. सारी व्याख्या त्या एका कृतीत बसते. मामा (माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांच्या) तलावांचेही तसेच होते: उन्हाळ्यात गाळ काढायचा, बंडीने बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नेऊन टाकायचा, म्हणजे तलावात पाणी मावते आणि धानालाही कस मिळतो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून तलाव सरकारकडे गेले, त्यानंतर ही देखभाल पुष्कळ ठिकाणी मागे पडली.

तेव्हा शीर्षकात 'शाश्वत विकास' राहू द्यावे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सतरा ध्येयांच्या मराठी नावात तो रूढ झाला आहे आणि आता बदलल्यास गोंधळच होईल. (हिंदीतील 'सतत विकास' मात्र उसना घेऊ नये, मराठीत 'सतत' ऐकले की पाऊस किंवा कटकट आठवते.) त्याखालचा मजकूर तेवढा क्रियापदांनी लिहावा. 'जलस्रोतांचे शाश्वत व्यवस्थापन करणे' याऐवजी 'बोडीतील (लहान तळ्यातील) गाळ दर उन्हाळ्यात काढू आणि रब्बीला पाणी देताना गुरांपुरते मागे ठेवू' असे लिहिल्यास ते म्हातारे गृहस्थ वाद घालतील तो गाळ कोणाच्या बांधीत पडणार याबद्दल.