घोडबंदर रोडच्या उड्डाणपुलावर असताना मॅप मला खालच्या रस्त्यावर का दाखवतो?

तुमचा प्रश्न असा, की मानपाड्याच्या उड्डाणपुलावर गाडी असताना मॅप तुम्हाला सर्व्हिस रोडवर दाखवतो आणि भलतीकडे ‘डावीकडे वळा’ म्हणतो. उपग्रह वरून बघतोय, तर त्याला पूल आणि रस्ता यांतला फरक कळत नाही का?

उपग्रह बघत नाही, हे आधी सांगतो. मी ठाण्यात जमीन मोजणीचं काम करतो, रोज रोव्हर (उपग्रहांचे संदेश ऐकून जागा मोजणारं आमचं यंत्र) घेऊन फिरतो, आणि जागामालकही मला हेच विचारतात, ‘साहेब, सॅटेलाइटला आमचं कुंपण दिसतंय ना?’ जीपीएसच्या उपग्रहाला कुंपण दिसत नाही आणि तुमची गाडीही नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून तो सतत फक्त सांगत असतो: मी अमुक, माझी जागा ही, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. तुमचा फोन ते ऐकतो, उलट काही पाठवत नाही. संदेश पोचायला साधारण 0.07 सेकंद लागतात. या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की उपग्रहापासूनचं अंतर निघतं. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी, पण फोनचं घड्याळ तेवढं अचूक नसतं. त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो.

म्हणजे सगळा खेळ घड्याळाचा. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जागा 300 मीटरने हलते. म्हणून उपग्रहांत अणुघड्याळं बसवतात. आपल्या नाविक प्रणालीचा, म्हणजे भारताच्या जीपीएससारख्या यंत्रणेचा, 2013 साली सोडलेला पहिला उपग्रह कक्षेत ठीक होता, पण 2016 मध्ये त्याची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली आणि जागा सांगण्याच्या कामाला तो निरुपयोगी झाला. मे 2023 मध्ये गेलेल्या नाविकच्याच एनव्हीएस-01 या उपग्रहामध्ये भारतात बनवलेलं अणुघड्याळ आहे, ही बातमी वाचून मला खरंच भरून आलं होतं.

आता घोडबंदर रोड. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर खाडीच्या बाजूला आकाश मोकळं असतं, फोनला संदेश थेट मिळतात. कापूरबावडी ओलांडली की दोन्हीकडे टॉवर. काही उपग्रह त्यांच्याआड जातात, आणि काहींचा संदेश समोरच्या इमारतीच्या काचेवर आपटून मग तुमच्यापर्यंत येतो. आपटून आलेला संदेश जास्त चालतो, म्हणून फोनला उपग्रह आहे त्यापेक्षा लांब वाटतो. याला आम्ही मल्टिपाथ म्हणतो. मोकळ्यावर चार-पाच मीटरची असणारी चूक इथे सहज वीस-तीस मीटरवर जाते, आणि तेवढ्यात मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड दोन्ही मावतात.

उंचीची गोष्ट याहून अवघड. आडवी जागा ठरवताना उपग्रह तुमच्या चारी बाजूंना असतात, त्यामुळे एका बाजूची चूक दुसरीकडून आटोक्यात राहते. उंचीसाठी मात्र सगळे उपग्रह वरच, पायाखालून पृथ्वी आड येते. म्हणून उंचीतली चूक नेहमीच जास्त. त्यात पूल आणि त्याखालचा रस्ता यांचे अक्षांश-रेखांश जवळपास एकच! मॅप मिळालेली जागा जवळच्या रस्त्यावर चिकटवतो, आणि पुलावर की खाली हे त्याला तुमचा वेग, वळण, मागचा रस्ता यांवरून ताडावं लागतं. संध्याकाळच्या गर्दीत पूलही रांगतो आणि खालचा रस्ताही रांगतो, मग ताडणार कशावरून?

आमचा रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जातो, कारण तो रेडिओ लहरी मोजतो (एक लहर साधारण 19 सेंटिमीटरची) आणि माहीत असलेल्या जागेवर ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राशी, म्हणजे बेसशी, ताळा करतो. तरी तोही फसतो. कोलशेतला एका टॉवरच्या पायथ्याशी कोपऱ्याचा बिंदू घेतला, पडद्यावर ‘फिक्स’ (म्हणजे मोजणी पक्की) दाखवत होता, मी पुढे गेलो. तासाभराने सवयीने तोच बिंदू परत घेतला तर चाळीस सेंटिमीटरचा फरक! लहरींची मोजणी दोनने चुकली होती. शेवटी टोटल स्टेशन (उपग्रहांशिवाय कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावून तो कोपरा पक्का केला. चाळीस सेंटिमीटरवरून दोन भाऊ आयुष्यभर बोलायचे बंद झालेले मी पाहिले आहेत. म्हणून आता टॉवरजवळचा प्रत्येक बिंदू दोनदा घेतो, मध्ये वेळ सोडून, म्हणजे तोवर आकाशात उपग्रहांच्या जागा बदललेल्या असतात.

तुमच्यासाठी करण्यासारखं थोडं आहे. पुढचा फोन घेताना दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारा, म्हणजे एल1 सोबत एल5 असलेला बघा, आपटून आलेले संदेश तो बरेच चांगले ओळखतो. फोन कप होल्डरमध्ये न ठेवता काचेजवळ ठेवा. बेसमेंट पार्किंगमधून निघत असाल तर वर उघड्यावर अर्धा मिनिट थांबून मग निघा. तेवढ्यात फोन उपग्रह पकडतो. आणि पुलावर चढायचं की नाही हे चढाच्या आधीच रस्त्यावरच्या पाटीवरून ठरवा. चढलात आणि मॅप डावीकडे वळा म्हणाला, तर सरळ चालत राहा. पूल उतरून थोडं पुढे गेलात की तो बहुतेक वेळा आपोआप मुख्य रस्त्यावर येतो.