वुंट पाठ होत नाही, म्हणून मानसशास्त्र सोडू का?

"मी कागलची. रोज एसटीनं कोल्हापूरला येते, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, मुख्य विषय मानसशास्त्र. वाटलं होतं, माणसांची मनं कशी चालतात ते शिकू, पुढं समुपदेशक होऊ. पण पहिल्यापासून नुसता इतिहास. वुंट, टिचनर, जेम्स, कुठला संप्रदाय कुणी काढला. अंतर्गत परीक्षेत २० पैकी ७ पडले. आत्या विचारते, 'वेड्यांची डॉक्टर होणार का गं?' पाहुणे आले की 'सांग बघू माझ्या मनात काय चाललंय' म्हणून चेष्टा करतात. पप्पा म्हणतात, अजून वेळ आहे, अर्थशास्त्र घे, एमपीएससीला उपयोगी पडेल. काय करू?"

तुझं पत्र वाचलं. मार्कांचं नंतर बघू. मनाचा अभ्यास करायला आले आणि परदेशी नावं पाठ करत बसले, हे तुझं खरं दुखणं दिसतंय. ते रास्त आहे. बाजारातल्या नोट्समध्ये 'वुंट, १८७९, लाइपझिग, मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा' एवढंच असतं. एखाद्या भांडणाची फक्त तारीख सांगायची आणि भांडण कशावरून झालं ते सांगायचंच नाही, तसं हे.

भांडण असं होतं. कांट या तत्त्ववेत्त्यानं १७८६ मध्ये लिहून ठेवलं की मनाला गणित लावता येत नाही, म्हणून मनाचं खरं विज्ञान होणं नाही. पुढची शंभर वर्षं बरीच मंडळी त्याला खोटं पाडायच्या मागं होती. मज्जातंतूतला संदेश किती वेगानं जातो हे मोजणं अशक्य मानलं जायचं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८५० मध्ये बेडकाच्या पायावर ते मोजून दाखवलं, आणि वेग निघाला सेकंदाला जेमतेम तीसेक मीटर. वेबर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञानं माणसांना वजनं उचलायला देऊन पाहिलं. हातात गुळाचा छोटा खडा असेल तर आणखी एक खडा ठेवलेला लगेच कळतो. डोक्यावर गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, असेल तर तोच खडा कळत नाही. फरक जाणवायला किती वजन वाढवावं लागतं, ते आधीच्या वजनाच्या प्रमाणात असतं. फेशनरनं १८६० मध्ये त्यावर गणित बसवलं. हे सगळं आधी घडलं, मग १८७९ ला वुंटची प्रयोगशाळा. ती आकाशातून पडली नाही.

पुढं खरी पंचाईत झाली. मनात काय चाललंय ते ज्याचं त्यानंच आत डोकावून सांगायचं, ही अंतर्निरीक्षणाची पद्धत. जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या अभ्यासकांना प्रतिमेशिवाय, म्हणजे मनात कुठलंही चित्र न येता, विचार सापडले, अमेरिकेत टिचनरच्या प्रयोगशाळेत मात्र विचार म्हटला की प्रतिमा किंवा संवेदना सापडायचीच. आता निकाल कोण देणार? खासबागेत पैलवानाची पाठ मातीला लागली की सगळं मैदान बघतं. इथं पाठ लागली की नाही, हे ज्याच्या त्याच्या डोक्यात. ही कुस्ती निकाली होईना म्हणून वॉटसन हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ १९१३ मध्ये म्हणाला, डोक्यातलं सोडा, दिसणारं वर्तन तेवढं अभ्यासा. माझ्या मते त्यानं अंघोळीच्या पाण्याबरोबर घंगाळही फेकलं, पण त्याची तक्रार खोटी नव्हती. एकेक संप्रदाय असा आधीच्याच्या चुकीला उत्तर म्हणून वाच. क्रम पाठ करावा लागणार नाही.

आता पाहुण्यांसाठी एक गोष्ट. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. मालक बेरीज विचारायचा आणि घोडा खूर आपटून उत्तर द्यायचा. आपल्या दारात येणाऱ्या नंदीबैलाचा जर्मन भाऊ म्हण. पण नंदीबैलवाल्याला आपण काय करतो ते ठाऊक असतं. हान्सचा मालक प्रामाणिक होता, त्याला स्वतःलाच कळत नव्हतं. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं तपासलं तेव्हा दिसलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत जरासं हलायचं आणि घोडा थांबायचा. १९०७ मध्ये त्यानं हे छापलं. आज औषधाच्या चाचणीत कुणाला खरं औषध दिलं ते देणाऱ्यालाही कळू देत नाहीत, त्यामागची धास्ती हीच. तेव्हा पुढच्या वेळी 'माझ्या मनातलं ओळख' आलं, की सांग: ओळखणाऱ्यांना आम्ही आधी तपासतो.

समुपदेशक व्हायचंय ना? समोरच्या माणसाला हवं ते उत्तर आपण नकळत सुचवत तर नाही, ही भीती तुझ्या रोजच्या कामातली असेल. म्हणून हा भाग जड वाटला तरी टाळू नकोस.

मार्कांसाठी एबिंगहाउस धर. विसरण्यावरचं या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं १८८५ चं काम. अर्थ नसलेली सुमारे २३०० अक्षरं बनवून तो एकटाच स्वतःवर प्रयोग करत बसला. पाठ केलेलं विसरणं पहिल्या तासाभरात सगळ्यात जोरात होतं, मग मंदावतं, हे त्यानं दाखवलं. एका दिवसानंतर तीच यादी पुन्हा पाठ करताना मूळ वेळेच्या फक्त तिसऱ्या हिश्श्याची बचत व्हायची. तू परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलं असणार, असा माझा अंदाज. वर्गात शिकवलेलं परतीच्या एसटीत, वही न उघडता, आठवून बघ. मग दोन दिवसांनी. मग रविवारी.

आत्याला सांग, मानसोपचारतज्ज्ञ वेगळा: तो आधी एमबीबीएस करतो आणि औषधं लिहून देतो. तुझा रस्ता बी.ए., मग दोन वर्षांचं एम.ए. पण नुसत्या एम.ए.वर स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही. त्याला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. हे नियम सध्या बदलताहेत, त्यामुळं सीनियरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस, प्रवेशाच्या वर्षी परिषदेचं संकेतस्थळ स्वतः बघ. शाळेतलं समुपदेशन किंवा कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या कंपन्यांचा एचआर विभाग, हे मार्गही आहेत. कुठंही गेलीस तरी स्टॅटिस्टिक्स पाठ सोडणार नाही. बारावीला गणित नव्हतं म्हणून घाबरणारी मुलं मी दरवर्षी बघतो. दोन गटांच्या सरासरीतला फरक खरा की योगायोगाचा ते बघणारी टी-टेस्ट काढणारा गॉसेट दारूच्या कारखान्यात नोकरीला होता, १९०८ मध्ये त्यानं ती 'स्टुडंट' या टोपणनावानं छापली. हे वर्गात सांगितलं की पोरं जरा सैल होतात.

पप्पांशी वाद घालू नकोस. राज्यसेवेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं, एवढं त्यांना दाखव. निर्णयाला दुसऱ्या सत्राच्या निकालापर्यंत मुदत माग. तोवर एक प्रात्यक्षिक मन लावून कर. त्यात जीव रमला नाही तर अर्थशास्त्र घ्यायला माझी काहीच हरकत नाही, मीच अर्ज भरून देईन.

आणि भारतातल्या मानसशास्त्रावर प्रश्न आलाच तर १९१६ लक्षात ठेव: कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता. हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञाकडं शिकून आलेला माणूस. आणि म्युन्स्टरबर्ग कुणाचा विद्यार्थी, ते तूच शोध.