माळावर दिसलेला प्राणी कोल्हा होता की खोकड? आणि तो पुन्हा कसा बघता येईल?

तुम्ही विचारलंय की गावाबाहेरच्या माळावर दिवस मावळताना कोल्ह्यासारखा, पण अंगाने बराच लहान प्राणी पळताना दिसला. झुपकेदार शेपटीचं टोक काळं होतं. तो कोल्हा होता की खोकड, आणि पुन्हा नीट बघायचा तर काय करावं?

वर्णनावरून मला ते खोकडच (इंग्रजीत इंडियन फॉक्स) वाटतं, कोल्हा (जॅकल) नव्हे. पण काळ्या टोकावर एकट्यावर जाऊ नका, कारण कोल्ह्याच्या शेपटीचं टोकही काळपट असतं. शेपटीची लांबी बघा. खोकडाची शेपटी त्याच्या अंगाच्या निम्म्याहून जास्त लांब असते आणि चांगली भरदार असते. कोल्ह्याची शेपटी अंगाच्या मानाने आखूड, साधारण एक-तृतीयांश, आणि चालताना ती खाली लोंबत असते. खोकड पळायला लागलं की शेपटी मागे सरळ आडवी धरतं आणि एकदम वळण घेताना ती वर उचलतं. हे एकदा डोळ्यांनी टिपलंत की पुढच्या वेळी दोनशे पावलांवरूनसुद्धा गल्लत होणार नाही.

वजनातला फरकही मोठा आहे. खोकड 2 ते 4 किलोंचं, म्हणजे मोठ्या बोक्याएवढं. कोल्हा 7 ते 11 किलोंपर्यंत भरतो. पण मोकळ्या माळावर शेजारी मोजायला काही नसतं, त्यामुळे आकाराचा अंदाज हमखास चुकतो. त्यापेक्षा ठेवण बघा: खोकडाचे पाय काडीसारखे बारीक, तोंड निमुळतं, आणि कान चेहऱ्याच्या मानाने मोठे. कानांची मागची बाजू गडद तपकिरी असते. पाठमोरं असलं तरी तेवढं दिसतं, आणि बहुतेक वेळा ते पाठमोरंच दिसतं.

रंगाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण इथे पुष्कळ जण फसतात. चित्रांमध्ये आणि परदेशी व्हिडिओंमध्ये दिसतो तो नारिंगी, तांबडा कोल्हा (रेड फॉक्स). आपल्या माळावरचं खोकड तसं नसतं. ते राखाडी-पिवळट, वाळल्या गवतात मिसळून जाणारं असतं. पायांवर तेवढी तांबूस झाक. तांबड्या कोल्ह्याची एक वाळवंटी जात राजस्थान आणि कच्छकडे आढळते, तिच्या शेपटीचं टोक पांढरं असतं. दख्खनच्या माळावर तिचा विचार करायची गरज नाही. आपलं खोकड फक्त भारतीय उपखंडातच सापडतं, हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत. जगात दुसरीकडे कुठेही नाही. मला या प्राण्याबद्दल एवढी ओढ वाटते त्याचं हेही एक कारण आहे.

आवाजाची मदत रात्री होते. कळपाने सूर लावून जी कोल्हेकुई चालते ती कोल्ह्यांची. खोकड तसं रडत नाही. त्याचा आवाज तुटक, किरकिऱ्या, एकामागून एक येणारा असतो.

आता शोधायचं कुठे. जंगलात नाही. दाट झाडी, उंच गवत, खडा डोंगर हे त्याला नको असतं. त्याला हवं आखूड गवताचं उघडं रान, मधूनमधून बोरीची झुडपं, पडीक जमिनी, फार तर कोरडवाहू शेताचे बांध. उसाच्या फडातून बाहेर पडताना दिसला तर तो जास्त करून कोल्हा असतो. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात संशोधक अबी वनक यांनी खोकडांवर बरंच काम केलं आहे. तिथली खोकडं शेती-वस्तीपेक्षा नैसर्गिक गवताळ रान आणि पडीक जमीनच पसंत करत होती. आपण मात्र अशाच रानाला ओसाड म्हणतो आणि त्यात खड्डे घेऊन झाडं लावतो. हेतू चांगला असतो, पण माळ गेला की खोकडही जातं.

प्राणी दिसायच्या आधी त्याच्या खुणा दिसतात, आणि खरं तर त्या वाचण्यातच जास्त आनंद आहे. पायवाटेवरच्या मऊ फुफाट्यात ठसे बघा. कुत्र्यासारखाच ठसा, पण लहान आणि लांबट, पुढे नखांच्या टोकांचे ठिपके. रानमांजराच्या ठशात नखं उमटत नाहीत. गावातली कुत्री इकडे-तिकडे हुंगत जातात, त्यांची वाट वेडीवाकडी असते. खोकडाची पावलं बरीचशी एका रेषेत पडतात. विष्ठा पण बघा. ती उघड्यावर, एखाद्या दगडावर किंवा गवताच्या ठोंबावर टाकलेली असते, कारण ती त्यांची हद्दीची खूण असते. काडीने उलटून पाहिलीत (हात लावू नका) तर भुंग्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे, उंदरांचे केस आणि हंगामात बोरांच्या बिया मिळतील. टोळ, वाळवी, भुंगे, उंदीर, सरडे, जमिनीवरची अंडी, फळं, असं सगळं ते खातं. शेतकऱ्याचं नुकसान करणाऱ्या उंदरांवर त्याचा मोठा भर असतो, हे गावात आवर्जून सांगावं.

बघायला जायचं तर सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास किंवा मावळायच्या आधीचा शेवटचा तास धरा. थंडीत आणि ढगाळ दिवशी ते दिवसाही बाहेर असतं. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते, तेव्हाच्या संध्याकाळी फार चांगल्या. माळ तुडवत फिरू नका. वारा तोंडावर येईल अशा बेताने एखाद्या झुडपाला पाठ लावून बसा, दुर्बीण गळ्यात, फोन बंद. गाडी असेल तर गाडीतच बसून राहा, उभ्या गाडीला ते माणसाइतकं बुजत नाही. टिटवी एकाएकी ओरडायला लागली तर त्या दिशेला नजर लावा. खाली काहीतरी चालतंय. आणि तुमच्या भागात मेंढरं चारणारे धनगर असतील तर आधी त्यांच्याशी बोला. कोणत्या उताराला बिळं आहेत, यंदा पिल्लं आहेत का, हे त्यांना कुठल्याही नकाशापेक्षा नीट ठाऊक असतं.

बिळांबद्दल मात्र कळकळीची विनंती. खोकड बीळ वापरतं ते मुख्यतः पिल्लांसाठी. डिसेंबर-जानेवारीत जोडी जमते, 50 ते 53 दिवसांनी दोन ते चार पिल्लं होतात, आणि उन्हाळा लागता लागता ती बिळाच्या तोंडाशी खेळताना दिसतात. बिळाला दोन किंवा जास्त तोंडं असतात. असं बीळ सापडलं तर किमान शंभर मीटर लांबून बघा आणि लवकर निघा. जवळ गेलात की आईबाप पिल्लं दुसरीकडे हलवतात, आणि त्या हलवाहलवीत पिल्लं दगावू शकतात. रात्री टॉर्चचे झोत टाकत फिरणं तर नकोच. बिळाचा फोटो जागेच्या नावासकट कुठेही टाकू नका.

सोबत कुत्रा नेऊ नका, कितीही गुणी असला तरी. नान्नजलाच केलेल्या प्रयोगात असं दिसलं की जवळ कुत्रा असला की खोकडं समोरचं खाणं सोडून सावध होतात आणि कमी खातात. शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडून त्यांच्यापर्यंत पोचू शकतात. गावातल्या कुत्र्यांना लस टोचून घेता आली तर खोकडासाठी त्याहून मोठं काम नाही.

दिवसाढवळ्या झोकांड्या खाणारं, माणसाला न बुजणारं खोकड दिसलं तर ते माणसाळलंय असं समजू नका, ते आजारी असण्याची शक्यता जास्त. हात न लावता वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली ते संरक्षित आहे, त्यामुळे पिल्लू उचलून घरी आणणं हाही गुन्हाच.

तुमच्या माळावर काही दिवस जाऊन जमलं नाही, तर बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य किंवा नान्नज इथे परवानगी काढून वनरक्षकासोबत जा. पण माझं मत विचाराल तर आधी त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा जाऊन बसा. जिथे एकदा दिसलं तिथे त्याची हद्द असणार. फोटो मिळाला तर शेपटी पूर्ण येईल असा एक तरी इथे टाका, नक्की सांगता येईल.