52 सोडून 20 कडे? मुलीच्या पीएचडीच्या गाइडबद्दल

बिबवेवाडीच्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झाली, नेट-जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली आणि पीएचडीसाठी पुण्यातल्याच दोन लॅबमधून होकार आला. एका सरांचा एच-इंडेक्स (पेपरांच्या उल्लेखांवरून काढलेला आकडा) 52, पहिला पेपर 31 वर्षांपूर्वीचा, विषय कॅन्सर. दुसऱ्या मॅडमचा 20, पहिला पेपर 12 वर्षांपूर्वीचा, लॅब सहा वर्षांची, विषय बुरशीचे संसर्ग. मुलगी मॅडमकडे जायचं म्हणते. निवृत्त बँक कर्मचारी असलेले वडील विचारतात, "52 सोडून 20 कडे जाणं म्हणजे डोळ्यांदेखत नुकसान नाही का?"

नमस्कार,

तुम्ही गूगल स्कॉलर उघडून इतकं शोधलंत, हे फार चांगलं केलंत. पण तो आकडा काय मोजतो ते आधी पाहू. एच-इंडेक्स 20 म्हणजे त्या व्यक्तीच्या 20 पेपरांना प्रत्येकी किमान 20 सायटेशन मिळाली आहेत, म्हणजे तितक्या इतर पेपरांनी त्यांचा संदर्भ दिला आहे. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये ही पद्धत सुचवली. तुमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर हे असं खातं आहे की ज्यात फक्त भरणा होतो, काढता काहीच येत नाही. माणूस काम थांबवून बसला तरी आकडा उतरत नाही. म्हणून हिर्श यांनीच तो कारकिर्दीच्या वर्षांनी भागून पाहायला सांगितलं होतं. भागून पाहा: 52 भागिले 31 आणि 20 भागिले 12. दोन्हीकडे उत्तर 1.7 च्या आसपासच येतं.

शिवाय कॅन्सरवर काम करणारे जगभर प्रचंड आहेत, बुरशीच्या संसर्गांवर त्या मानाने फार थोडे. वाचणारे थोडे, तर सायटेशन कमी. यात मॅडमचा काही दोष नाही.

आणि सायटेशन जास्त म्हणजे शोध मोठा, असंही नसतं. मुलीला विचारा, बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला लॉरी पद्धतीने प्रोटीन मोजलं होतं का? टेस्ट ट्यूबमध्ये निळा रंग येतो तो प्रयोग. ती पद्धत सांगणारा 1951 चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला आहे, कारण प्रोटीन मोजणं सगळ्यांनाच लागतं. उलट बाजूही आहे. एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला 1998 चा पेपर 2010 मध्ये मागे घेतला गेला. त्यालाही भरपूर सायटेशन आहेत, कित्येक तर त्याला खोडून काढणारी. मोजणीत मात्र सगळी सारखीच धरली जातात.

मग पाहायचं काय? मुलीसोबत बसा, पबमेड (जीववैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची) उघडा आणि दोघांचे गेल्या पाच-सहा वर्षांतले पेपर काढा. आपल्या जीववैद्यकीय क्षेत्रात साधारणपणे पहिलं नाव प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं असतं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. सरांचं नाव शेवटी किती ठिकाणी आहे, आणि वीस-तीस नावांच्या गर्दीत मधेच किती ठिकाणी, ते पेन्सिलीने खुणा करून मोजा. मग पहिल्या जागेवरची नावं वाचा. ती त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांची आहेत का? प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक तरी असा पेपर मिळाला का? तुमच्या मुलीचं नाव उद्या कुठे छापलं जाईल, ते तिथेच कळेल. त्या 52 मध्ये ते दिसत नाही.

मी हे कळकळीने लिहितो आहे, कारण माझ्या सदाशिव पेठेतल्या ऑफिसात एक मुलगा येऊन बसला होता. नावाजलेली लॅब, सहा वर्षं काम, अकरा पेपरांवर नाव आणि सगळीकडे मधलंच. पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेच्या, मुलाखतीत विचारलं, "यातलं तुझं स्वतःचं काम कोणतं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्यासमोर तो बराच वेळ हातातली प्रिंट नुसती चाळत राहिला.

आता मॅडमची बाजूही तपासून घ्या, कारण नव्या लॅबमध्ये धोका असतोच. जेआरएफ मुलीच्या नावावर असल्याने स्टायपेंडची काळजी नाही. पण केमिकल्स, किट, उपकरणं मॅडमच्या प्रोजेक्टच्या पैशांतून येतात. चालू प्रोजेक्ट कधी संपतो आणि पुढचा अर्ज कुठे केला आहे, हे तिने आदबीने पण स्पष्ट विचारावं. फेलोशिप पाचच वर्षांची: दोन जेआरएफची (ज्युनिअर), तीन एसआरएफची (सीनिअर). म्हणून दोन्हीकडे आणखी एक प्रश्न विचारायचा, मागच्या विद्यार्थ्यांचा थिसिस किती वर्षांत सबमिट झाला? जिथे सात वर्षं लागतात, तिथे शेवटची दोन वर्षं घरून पैसे द्यावे लागतील. तो हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला जमेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलं आहे की सरांची भेट दहा मिनिटांत आटोपली आणि मॅडम मुलीशी तिच्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवर पाऊण तास बोलल्या, फसलेला प्रयोग कुठे चुकला असेल ते कागदावर काढून दाखवलं. मी तुमच्या जागी असतो तर पत्राची सुरुवात इथूनच केली असती. पैशांचं आणि थिसिसचं उत्तर समाधानकारक आलं, तर मुलीला मॅडमकडे जाऊ द्या.

होकार कळवण्याआधी तिने दोन्ही लॅबमधल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये, गाइड समोर नसताना, एकदा भेटून घ्यावं.