देवासमोर शहाणी मुलगी होऊ नकोस

बाळा, सलाम.

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी चहा करताना परत वाचला. मम्मीने फोनवर सगळं आधीच सांगितलं होतं, तुझ्या लग्नाची चर्चमध्ये दुसऱ्या रविवारी नावं पुकारून झाली, कार्डं छापून आली, आणि मग त्यांच्याकडून निरोप की मुलाचं मन नाही. कारण नाही, भेट नाही. ते ऐकून वाईट वाटलंच, पण तू जे शेवटी लिहिलंयस ना, "मावशी, मला त्याचा इतका राग येतो की प्रार्थनेला बसायची लाज वाटते", ते वाचून मात्र मी हातातलं काम टाकून वही घेतली.

तू प्रार्थना करतेस, वचन वाचतेस, हे मला माहितीये, संडेस्कूलपासून बघतेय तुला. त्यामुळे देव तुझ्यावर प्रेम करतो वगैरे मी लिहिणार नाही, तुला ठाऊक आहे ते. मला एकच सांगायचंय. देवासमोर शहाणी मुलगी होऊन बसू नकोस. आत जे काय आहे, राग, शिव्या, अपमान, तसंच्या तसं त्याच्यासमोर टाक.

तुमच्या हॉलमध्ये घड्याळाखाली ती वचनाची पाटी आहे बघ, "आपला भार परमेश्वरावर टाक". ख्रिस्ती घर सांगा आणि ती पाटी नाही असं क्वचित. ते वचन 55व्या स्तोत्रातलं आहे, 22वी ओवी. आता जरा वर जाऊन 12पासून वाच. तिथे स्तोत्र लिहिणारा म्हणतो, शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, पण तू? माझा जवळचा, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरात जायचो तो तू? आणि 15व्या ओवीत तर तो त्या लोकांना मरण येवो, जिवंत अधोलोकात जावोत म्हणतो. हे बायबलमध्ये आहे, कुणी खोडलेलं नाही. आपण पाटी बनवताना फक्त 22वी घेतली आणि वरचं सोडून दिलं, म्हणून तुझ्यासारख्या पोरी समजतात की भार टाकणं म्हणजे डोळे मिटून गोड आवाजात "प्रभू तुझी इच्छा" म्हणणं. अगं भार म्हणजे त्या वरच्या ओव्याच आहेत! त्या न बोलता तू टाकणार काय?

तुला मंडळीतल्या बायका म्हणाल्या ना की देवाने वाचवलं, यापेक्षा चांगलं स्थळ ठेवलं असेल. मनाने चांगल्या आहेत त्या, पण मला या बोलण्याची चीड येते, स्पष्ट सांगते. देवाने काय ठेवलंय हे त्यांना कुणी सांगितलं? आणि उद्या चांगलं स्थळ नाहीच आलं तर काय देव खोटा ठरला?

बायबलमधल्या हन्नाचं घे. 1 शमुवेल, पहिला अध्याय. मूल नाही म्हणून सवत वर्षानुवर्षं टोचतेय, नवरा समजूत घालतो की मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का, म्हणजे त्यालाही कळलेलं नाही. ती शिलोला देवळात जाऊन अशी रडते, नुसते ओठ हलतायत, आवाज नाही, की एली याजकाला वाटतं बाई प्यायलीय. याजकाला! तेव्हा पाळकसाहेबांना तुझं रडणं कळलं नाही तर फार मनाला लावून घेऊ नकोस, ते आधीही कळलेलं नाही. हन्ना त्याला सरळ सांगते की मी दारू नाही प्यायले, मी मन ओततेय. आणि मग बघ, 18व्या ओवीत ती उठते, जेवते, तिचा चेहरा उदास राहत नाही. तिचा मुलगा शमुवेल अजून पोटातसुद्धा नाहीये. काहीच मिळालेलं नाही. फक्त सगळं बोलून झालंय, देवाशी, खरं खरं. मला ही ओवी अख्ख्या बायबलमध्ये सगळ्यात जास्त कामाला आली.

माझं तुला थोडं माहितीये, मम्मीने सांगितलं असेल. माझा माणूस सोडून गेला तेव्हा मी नाईट ड्युटीवर असायचे, आणि रात्री दोननंतर वॉर्ड शांत झाला की लिनन रूममध्ये जाऊन, ड्रॉशीटच्या गठ्ठ्यांमध्ये तोंड घालून देवाला बोलायचे. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि सकाळी घरी आले की वडिलांसमोर हसून चहा. दुखतं ते एवढंच, की ते गेले तोपर्यंत त्यांना वाटत राहिलं माझी पोर खंबीर आहे, सावरली. तू पप्पांसमोर तेवढं हसू नकोस.

नंतर महिला मंडळात मला साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायला सांगितलं, क्षमेवर. मी नाही म्हटलं. पुढे तो परत आला, दारात उभा, तेव्हा मी पाणी दिलं, चहा दिला, आणि जा म्हटलं. त्यावरून लोक आजही मला कठोर म्हणतात, ख्रिस्ती बाई असून अशी कशी. मी क्षमा केली होती त्याला, आणि ती लिनन रूममध्येच झाली, कुणी बघायला नव्हतं. पण क्षमा केली म्हणजे घराची किल्ली परत दिली असं नसतं. योसेफाने त्याला विकून टाकणारे भाऊ समोर आल्या आल्या गळ्यात घेतले का? ओळख दिली नाही, पारखलं, धाकट्या भावाला, बन्यामिनाला बघून आतल्या खोलीत जाऊन रडला, तोंड धुतलं, आणि बाहेर येऊन जेवण वाढा म्हणाला. त्याला कुणी कठोर म्हणत नाही. मी आज परत तेच करेन.

तर तुझा प्रश्न, त्याला एकदा मेसेज करून विचारू का माझ्यात काय कमी होतं. नको. बाळा, अजिबात नको. ज्याने तोंडावर येऊन नाही म्हणायची हिंमत केली नाही तो तुझी किंमत काय सांगणार? नासरेथच्या, त्याच्याच गावच्या लोकांनी प्रभू येशूला गावाबाहेर काढून कड्यावरून लोटायला नेलं, लूक 4, तर तो त्यांच्यातून निघून सरळ कफर्णहूमला गेला, थांबून खुलासे मागत बसला नाही. खुलासा मागायचा तर देवाकडे माग. वधस्तंभावर त्यानेही तिथेच मागितला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" दर गुड फ्रायडेला बारा ते तीन बसून आपण वधस्तंभावरच्या सात उद्गारांतला तो चौथा उद्गार ऐकतो आणि घरी येऊन स्वतःच्या तोंडून 'का' निघाला तर पाप समजतो, हे मला कधीच पटलं नाही.

आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र वाच, घरात असेल, आजीच्या कपाटात बघ. 1895 साली तिच्या नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ही बाई मागे राहिली, काही वर्षं नातेवाइकांकडे. पुढे ती स्वतः ख्रिस्ती झाली 1900मध्ये, पण त्या मधल्या काळातलं रडणं, संताप तिने नंतर गोड करून लिहिलं नाही. विश्वास आला म्हणून दुखलंच नव्हतं असं सोंग केलं नाही तिने.

आता कामाचं. साखरपुड्याची साडी आणि अंगठी परत करायला तू जायचं नाही, ते पप्पा आणि मामा बघतील. रविवारी उपासनेला जायची इच्छा नसेल तर या रविवारी घरी राहा, कुणी विचारलं तर मम्मी सांगेल बरं नाही, आणि ते खरंच आहे. पण एक साधी वही घे, 55वं स्तोत्र समोर ठेव, आणि त्याच्या जागी तुझं लिही, त्या मुलाचं नाव घालून, जे मनात येईल ते, 15व्या ओवीसकट. 22वी लिहायची घाई करू नकोस. ज्या दिवशी हात आपोआप लिहील त्या दिवशी लिही, महिना लागो नाहीतर वर्ष. आणि ती वही मला दाखवायची नाही, मम्मीलाही नाही.

नाईट करून आल्यासारखी झोप लागत नसेल तर फोन कर, कितीही वाजता, मी जागीच असते. मम्मीला सांग भाजणी तयार आहे, शनिवारी कुणाला तरी पाठव.

तुझी मावशी